सांगोल्याचे आमदार कै. गणपतराव देशमुख

सोलापूरच्या वाचकांस सांगोला तालुका अपरिचित नाहीं. पाऊस तुटपुंजा, माण नदी वर्षांतील पुष्कळ काळ कोरडी, आणि दुष्काळ तर घरचाच पाहुणा. ह्या तालुक्यानें कै. गणपतराव देशमुख ह्यांस अकरा वेळां विधानसभेंत पाठविलें. त्यांची हकीकत प्रस्तुत स्मरणिकेंत थोडक्यांत नमूद करावी, असें आम्हांस वाटतें.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यांतील पेनूरचे. वकिलीचें शिक्षण घेऊन ते शेतकरी कामगार पक्षांत आले. सांगोल्यांतून ते १९६२ व १९६७ सालीं निवडून आले. १९७२ सालीं त्यांचा पराभव झाला. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकींत त्यांनीं जागा परत मिळविली, आणि १९७८ ते १९९० पर्यंतच्या चारही निवडणुका जिंकल्या. केवळ बहुत वर्षें आमदार असणें हा कांहीं गुण नव्हे. ह्या काळांत त्यांचा पक्ष बहुधा विरोधी बाकांवर होता. सत्तेकडे जाण्याची वाट मोकळी असतांनाही त्यांनीं पक्ष सोडिला नाहीं, ह्याचें मोल आम्ही अधिक मानतों.

मंत्रिपद त्यांस दोनदां लाभलें. प्रथम १९७८ सालीं श्री. शरद पवार ह्यांच्या मंत्रिमंडळांत. नंतर १९९९ सालीं कै. विलासराव देशमुख ह्यांच्या मंत्रिमंडळांत, जेथें रोजगार हमीचें खातें त्यांजकडे होतें. दुष्काळांत खडी फोडून पोट भरणाऱ्यांच्या प्रतिनिधीकडे तें खातें यावें, हें उचितच झालें. २००२ सालीं पक्षानें सरकारचा पाठिंबा काढिला, तेव्हां तेंही सुटलें.

पण खरी कसोटी ह्याआधींच, १९९५ सालीं, लागली होती. त्या वर्षीं श्री. शहाजीबापू पाटील ह्यांजकडून ते अवघ्या १९२ मतांनीं पराभूत झाले. एखाद्या वाडीचीं मतें तेवढीं भरावयाचीं! १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी ह्यांच्यासह तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीस भरवीत असणाऱ्यांत गणपतराव अग्रेसर होते. मागणी सोपी, काम कठीण. कृष्णा खालीं वाहते, दुष्काळी माळ उंचावर. तेव्हां पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें वर चढविल्यावांचून गति नाहीं, आणि विजेचा खर्च मोठा. आमदारकी गेली तरी ही चळवळ त्यांनीं सोडिली नाहीं. कऱ्हाड तालुक्यांतून कृष्णेचें पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेंत सांगोल्याचाही समावेश झाला.

१९९९ सालीं मतदारांनीं त्यांस परत बोलाविलें, आणि २०१४ सालीं ते अकराव्यांदा विजयी झाले. २०१९ सालीं ते स्वतः उभे राहिले नाहींत, नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनीं हरले. ३० जुलै २०२१ रोजीं सोलापुरांतच गणपतरावांचें निधन झालें. उमेदवारी घराण्यांतच फिरावी, हें आम्हांस फारसें रुचत नाहीं. तथापि सांगोल्याच्या मतदारांचें मत निराळें दिसतें. २०२४ सालीं त्यांनीं दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख ह्यांस त्याच पक्षातर्फे निवडून दिलें.