झोपेत दात खाण्याचा इतिहास: दोष नक्की कुणाचा?

आजचा विषय रात्रीचा आहे आणि थोडा कर्कशही. हॉस्टेलच्या रूमवर किंवा ट्रेनमध्ये शेजारच्या बर्थवर कुणीतरी झोपेत करकर दात खातंय, हा आवाज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. गंमत म्हणजे ज्याचे दात वाजतात त्याला स्वतःला बहुतेक वेळा पत्ताच नसतो.

लहान मूल असं करायला लागलं की आपल्याकडे आजीचं निदान ठरलेलं: "पोटात जंत झालेत." मग जंतांचं औषध. आता, दात खाण्यामागे जंतच असतात हे काही सिद्ध झालेलं नाही. पण आजीला हसू नका. गेल्या सव्वाशे वर्षांत डॉक्टरांनीही हेच केलंय. आधी एक गुन्हेगार पकडायचा आणि मग त्याच्यावर इलाज करायचा.

सुरुवात करू 1901 पासून. व्हिएन्नातले दंतवैद्य मोरित्झ कारोली यांनी दात खाण्याचा संबंध हिरड्यांच्या आजाराशी जोडला. 1907 मध्ये फ्रेंच वैद्यकीय लिखाणात याला नाव मिळालं 'ब्रुक्सोमनी'. ग्रीक भाषेतल्या दात खाण्याच्या क्रियापदावरून ते आलं. आज आपण म्हणतो तो 'ब्रुक्सिझम' हा शब्द 1931 मध्ये बर्ट्रांड फ्रोमन यांनी रूढ केला.

पुढे मनोविश्लेषणाच्या काळात गुन्हेगार ठरलं मन. दाबून ठेवलेला राग रात्री जबड्यातून बाहेर पडतो, अशी मांडणी झाली. आपल्याला ती लगेच पटते, कारण मराठीत चिडलेला माणूस दात-ओठच खातो ना!

मग आलं 1961 साल, आणि इथे गोष्ट गंभीर होते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या सिगुर्ड रामफ्योर्ड यांनी जबड्याच्या स्नायूंतले विद्युत संदेश मोजले आणि निष्कर्ष काढला की वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, हे यामागचं मोठं कारण आहे. मग उपाय काय? दातांचे उंचवटे मशीनने घासून काढायचे. ही पद्धत अनेक वर्षं चालली. विचार करा, दात घासून झिजू नयेत म्हणून तेच दात डॉक्टर घासत होते! आणि दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा गेलं की परत येत नाही.

या कल्पनेची उलट बाजूने परीक्षा झाली 1984 मध्ये. जॉन रघ आणि सहकाऱ्यांनी काही जणांच्या दातांवर मुद्दाम उंच कॅप बसवल्या. दात नीट न बसणं हेच कारण असेल तर रात्रीचं दात खाणं वाढायला हवं होतं. ते वाढलं नाही. बहुतेकांत उलट काही काळ कमीच झालं.

खरा धागा सापडला झोपेच्या प्रयोगशाळेत. कॅनडात माँट्रियलच्या जिल लाविन यांच्या गटाने झोपलेल्या माणसांचा मेंदू, हृदय आणि जबडा एकाच वेळी मोजला. दात खाण्याच्या काही सेकंद आधी मेंदू क्षणभर जागेपणाकडे सरकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबडा हलतो. म्हणजे सगळं सुरू होतं मेंदूत, दातांची पाळी शेवटी येते. ताणतणाव, दारू, सिगारेट, जास्त कॅफिन आणि नैराश्यावरची काही औषधं यांनी हे वाढू शकतं.

आणि हे किती जणांना होतं? लाविन आणि मोंप्लेझिर यांनी 1994 मध्ये छापलेल्या पाहणीत कॅनडातल्या सुमारे 2,000 प्रौढांपैकी 8% लोकांनी दात खात असल्याचं सांगितलं. 18 ते 29 वयात हे प्रमाण 13% होतं, साठीनंतर फक्त 3%. म्हणजे मंडळी, हा खास आपल्या वयाचा प्रकार आहे! लहान मुलांत तर तो बराच दिसतो आणि बहुतेकांचा वाढत्या वयात आपोआप थांबतो.

आज इलाज काय? सगळ्यात जास्त वापरतात ते नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं कव्हर. यातला प्रसिद्ध 'मिशिगन स्प्लिंट' रामफ्योर्ड आणि त्यांचे सहकारी मेजर ॲश यांचाच. त्यांची कारणमीमांसा मागे पडली, कव्हर मात्र टिकलं. पण ते दात वाचवतं, दात खाणं थांबवतंच असं नाही. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. त्याने चावण्याचा जोर कमी होतो, पण असर काही महिनेच टिकतो.

2018 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन म्हटलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणं हा आजार मानू नये. दात झिजतायत, सकाळी जबडा किंवा कानशिलं दुखतात, किंवा जोरात घोरणं आणि दिवसभर झोप येणं सोबत आहे, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. घोरण्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो.

या सगळ्या इतिहासातून एक प्रश्न खिशात ठेवा. कुणी "दात थोडे घासून लेव्हल करू" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, हे नंतर पूर्ववत करता येईल का?" कव्हर काढून ठेवता येतं. घासलेला दात परत उगवत नाही.

तुमच्या घरी दात खाणारं कोण आहे, आणि त्यावर काय काय उपाय झाले? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!