अंड्यातील रक्तठिपका : दिव्याची कसोटी आणि आहाराचा प्रश्न

नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते त्या काळात, १९३७ साली, कृषी उत्पन्न (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियम संमत झाला आणि फळे व भाजीपाला यांच्या जोडीने अंडीही ‘अॅगमार्क’ या सरकारी गुणचिन्हाच्या कक्षेत आली. ज्या विपणन व निरीक्षण संचालनालयाकडे या कायद्याची अंमलबजावणी होती, त्याचे शाखा मुख्यालय पुढे नागपुरात आले. अंडे न फोडता दिव्यासमोर धरून त्याची हवेची पोकळी, बलकाची स्थिती आणि आतील डाग पाहणे ही अंड्यांच्या प्रतवारीतील मुख्य तपासणी असल्यामुळे, एरवी तव्याजवळच लक्षात येणारा रक्ताचा ठिपका व्यापारात दोष म्हणून गणला जाऊ लागला.

हा ठिपका मुळात कोंबडीच्या अंडाशयात तयार होतो. तेथे बलक रक्तवाहिन्यांनी वेढलेल्या पातळ पिशवीत वाढतो व पक्व झाल्यावर ती पिशवी फाटून मोकळा होतो. हे फाटणे सहसा रक्तवाहिन्या जवळजवळ नसलेल्या पट्टीत होत असले, तरी एखादी बारीक वाहिनी तुटली तर रक्ताचा थेंब बलकाला चिकटतो. कोंबडीचा वाण, तिचे वय, खाद्यातील अ जीवनसत्त्वाची उणीव आणि अचानक बसलेली दहशत यांमुळे असे ठिपके वाढतात, आणि तपकिरी कवचातून उजेड कमी जात असल्याने त्या अंड्यांतील ठिपके तपासणीतून अधिक निसटतात.

लोकसमजुतीने मात्र या ठिपक्याला पिल्लाची सुरुवात मानले. वस्तुतः कोंबड्याच्या संगाविना घातलेल्या अंड्यातही तो आढळतो. अंड्यात जीव आहे की नाही, हा प्रश्न नागपूरजवळच्या सेवाग्रामात आश्रम वसवणाऱ्या महात्मा गांधींनीही विचारात घेतला होता. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत त्यांनी असे मत मांडले, की निर्जीव, म्हणजे फलन न झालेले अंडे दूध घेणाऱ्यास वर्ज्य ठरू नये. त्यांची कसोटी कोंबड्याच्या संगाची होती, तर कायद्याची दिव्याची. ठिपका दुसऱ्या कसोटीत अडकतो, पहिलीशी त्याचा संबंध नाही.

पुढे १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आल्यानंतर अंड्यांचा प्रचार व दरनिश्चिती देशपातळीवर संघटित झाली. पोल्ट्रीतील अंडी देणाऱ्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवला जात नसल्याने बाजारातील बहुतेक अंडी आता फलनरहितच असतात.

आरोग्याच्या दृष्टीने पाहता, ठिपका असलेले अंडे नीट शिजवून खाण्यास सुरक्षित असते आणि नको वाटल्यास तो चमच्याने काढता येतो. साल्मोनेला या जंतूंचा धोका ठिपका असण्यानसण्यावर अवलंबून नसतो, म्हणून स्वच्छ दिसणारे अंडेही कच्चे खाणे टाळावे लागते. मात्र संपूर्ण पांढरा भाग रक्ताळलेला, हिरवट वा गुलाबी झालेला असेल, किंवा दुर्गंध येत असेल, तर ते अंडे टाकून द्यावे. प्रतवारीने ठिपक्याला दिलेले स्थान विक्रीमूल्याचे आहे. त्यावरून अंडे खाण्यायोग्य आहे की नाही, हे ठरत नाही.