पिकाचा अजमास : वसई प्रांतांतील जूचंद्रच्या खारीच्या निमित्तानें कांहीं विचार

१

जुन्या दप्तराचे रुमाल सोडणाऱ्यास राजकारणी पत्रांपेक्षां हिशेबी कागदच अधिक सांपडतात, आणि त्यांत 'अजमास' या मथळ्याचे कागद वारंवार आढळतात. पुणें येथील पेशवे दप्तरांतील एका मोठ्या विभागाचें नांवच 'प्रांत अजमास' असें आहे. संग्राहक या कागदांस बहुधा दुय्यम लेखतात. ज्यांस त्यांचें मोल वाटतें असे अभ्यासकही पुष्कळदां त्यांतील रकमा व खंडी-मणांचे आंकडे त्या सालच्या प्रत्यक्ष उत्पन्नाचे म्हणून उतरून घेतात. या दोन्ही समजुती आम्हांस सदोष वाटतात. अजमास म्हणजे येऊं घातलेल्या जमेचा अंदाज. शेतसाऱ्यापुरता तो पिकाच्या अंदाजावर उभा असतो. आणि तो कोणीतरी, एका ठराविक वेळीं, कांहीं एका हेतूनें केलेला असतो. कोणी, केव्हां व कशासाठीं, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्या कागदाचा अर्थ लागत नाहीं. वसई प्रांतांतील जूचंद्र व त्याच्या भोंवतालची खारीची शेती समोर ठेवून हें विधान स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

२

जूचंद्र हें गांव वसई तालुक्यांत नायगांवच्या पूर्वेस, वसईच्या खाडीच्या उत्तर अंगास आहे. चंडिका देवीची टेकडी ही त्याची ठळक खूण. अलीकडे रांगोळीकारांचें गांव म्हणून त्याची ख्याति झाली आहे, व वसई-दिवा लोहमार्गावर त्याच्या नांवाचें स्थानकही आहे. कोंकणांत खाडींतील बेटास जू अथवा जुवें म्हणतात. जवळच खाडींत असलेल्या पाणजूच्या नांवांत तो शब्द उघड दिसतो. जूचंद्र या नांवाचें पूर्वपदही तेंच असावें असा आमचा तर्क आहे. भात, मीठ व मासळी हीं या खाडीकांठच्या वस्तीचीं परंपरागत उपजीविकेचीं साधनें होत. आणि तिन्हींचें गणित भरती-ओहोटीशीं बांधलेलें आहे.

येथील भातजमिनीचे दोन प्रकार पडतात, गोडी व खारी. खाजणाभोंवतीं मातीचा बांध घालून, पाणी सोडण्यास उघाडी ठेवून, समुद्राकडून मिळविलेली ती खारी. गोड्या जमिनींत राब भाजून, रोपें काढून आवणी करितात. खारीची रीत निराळी. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तिचें वर्णन आलें आहे. खारीस नांगर लागत नाहीं, खत लागत नाहीं. जमीन पावसानें पुरती भिजली म्हणजे बीं चिखलांत फेंकावयाचें. आणि जेथें पाणी सांचतें तेथें तें आधीं भिजवून, ढीग करून, मोड आणून मग फेंकावयाचें. यासच रहू म्हणतात. आवणी होत नाहीं. दाट उगवलें तर विरळ करावयाचें इतकेंच.

अशा जमिनींत पिकाचें भाकीत करणें ही देशावरच्या भाकितापेक्षां वेगळी विद्या आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणीं निरनिराळ्या देशांच्या पर्जन्याचें मान द्रोणांत दिलें आहे. जांगल देशास सोळा द्रोण, अश्मकास साडेतेरा, अवंतीस तेवीस असे आंकडे देऊन अपरान्तास मात्र तो आंकडा देत नाहीं. तेथील पाऊस अमित म्हणतो. अपरान्त म्हणजे हेंच उत्तर कोंकण. त्याचें प्राचीन बंदर शूर्पारक, आजचें सोपारें, याच तालुक्यांत आहे. पाऊस किती, हा प्रश्न येथें सहसा निर्णायक होत नाहीं. निर्णायक होतो तो पाऊस केव्हां हा प्रश्न. आरंभींच्या सरींनीं जमिनींतील खार धुवून निघाला पाहिजे. पेरणीनंतर मोठी उघडीप पडली तर खार पुन्हा वर चढतो व कोंवळें रोप करपतें. आणि श्रावण-भाद्रपदांतील उधाणाच्या भरतीस बांध फुटला तर डोळ्यांस सोळा आणे दिसणारें शेत दोन दिवसांत जातें, व खाऱ्या पाण्याचा दोष पुढील कांहीं वर्षें निघत नाहीं. म्हणून येथें पिकाकडे पाहणारास बांधाकडेही पाहावें लागे. ज्या सालीं बांधाच्या दुरुस्तीचा खर्च कागदांत दिसत नाहीं, त्या सालचा खारीचा अजमास आम्ही सावधपणें घेतों.

पेरणीपूर्वींच्या भाकितांची परंपरा निराळी. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत आषाढी योग सांगितला आहे. आषाढी पौर्णिमेस सर्व धान्यें समभार तोलून ठेवावयाचीं व दुसरे दिवशीं पुन्हा तोलावयाचीं. जें भारी भरेल तें त्या सालीं पिकेल. पंचांगांतील संवत्सरफल, पावसाच्या नक्षत्रांचीं वाहनें, सहदेव-भाडळीचे ठोकताळे हे याच वंशाचे. बुलढाणें जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस होणारी घटमांडणी तर आजही चालू आहे. या भाकितांवर सारा कोणी ठरविला नाहीं; पण कोणतें बीं किती ठेवावें व कर्ज काढावें कीं न काढावें, हे घरचे निर्णय त्यांवर होत आले. सरकारी अंदाज आणि घरचा अंदाज असे दोन प्रवाह पूर्वींपासून आहेत, हें लक्षांत ठेवावें.

३

गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. पुढें १५५४ सालीं सिमांव बोतेल्यू यानें पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाचा तोंबो तयार केला. त्यांत वसईकडील भात 'मुरा' या मापानें मोजलें आहे. हा आपला मुडा. आणि भातास योजलेला त्यांचा 'बाते' शब्दही आपलाच. गांव सरदारांस फोरावर दिलेले असत. भातजमिनीवर मोजणीवांचून एका तुकड्यास अमुक मुडे अशी ठोक आकारणी करण्याची पद्धत उत्तर कोंकणांत होती. मुडाबंदी व हुंडाबंदी हीं तिचीं नांवें इंग्रजी अमदानींतील कागदांतही टिकलीं.

ठोक आकारणींत सरकारास भाकिताची गरज उरत नाहीं. पीक बुडो वा पिको, मुडे ठरलेले. सुकाळीं याचा लाभ रयतेस व दुष्काळीं सर्व भार रयतेवर. उलटपक्षीं, जेथें पीक पाहून वसूल ठरतो तेथें भार वांटला जातो, परंतु पाहणाराच्या नजरेस सत्ता येते. भाकिताच्या इतिहासाचें मर्म या एका अदलाबदलींत आहे.

चिमाजी आपांनीं १७३९ च्या मे महिन्यांत वसई घेतली. मराठी दप्तराचा अरबी ऊर्फ सुहूर सन सूर्य मृगनक्षत्रीं येतांच बदलतो, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यांत ५९९ व जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. या हिशेबानें किल्ला सर झाला तो सन तिस्सा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९. आणि अवघ्या कांहीं आठवड्यांनीं सन अर्बैन मया व अलफ, म्हणजे ११४०, लागला. नव्या राज्याचें पहिलें हिशेबी साल व नव्या पेरणीचा हंगाम एकाच वेळीं उघडले. कालगणनाच पावसाशीं बांधलेली असल्यामुळें एका मृगसालच्या कागदांत एक पीक पेरणीपासून वसुलापर्यंत सबंध सांपडतें. इसवी सनानुसार कागद लावणारे संग्राहक या पिकाचे नकळत दोन तुकडे करितात.

४

मराठी अंमलांतील अंदाजाचे तीन टप्पे ध्यानांत घेण्याजोगे आहेत.

पहिला अजमास. सालाच्या आरंभीं मागील सालांच्या वसुलावर नजर ठेवून मामलेदारास जमेचा व खर्चाचा बेहेडा ठरवून मिळे, आणि त्याचा कांहीं भाग 'रसद' म्हणून त्यास आगाऊ भरावा लागे. बहुधा ती रक्कम सावकाराकडून उभी राही. म्हणजे बीं जमिनींत पडण्यापूर्वींच पिकावर कर्ज निघालेलें असे. ज्यानें पैसा भरला त्यास अंदाज उतरलेला परवडत नसे.

दुसरी पाहणी. पावसानें ताण दिला, बांध फुटला, कीड पडली, अशी रयतेची अर्जी आली म्हणजे कारकून शेतावर जाऊन उभें पीक पाही. येथें पाटील व रयत यांचा कल पीक थोडें दाखविण्याकडे असे, आणि कारकुनाचा कल कोणीकडे, हें त्यास कोणी पाठविलें त्यावर अवलंबून राही. याच पाहणीवर सूट व तहकुबी ठरत.

तिसरा ताळेबंद. सालअखेर प्रत्यक्ष काय आलें, काय बाकी राहिलें व काय सोडलें, याचा हिशेब.

नजरेवर सोंपविलेल्या कारभाराचे धोके पूर्वींच्या राज्यकर्त्यांस ठाऊक होते. शिवाजी महाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत यास लिहिलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. गांवोगांव फिरून कुणबी जमा करावे, ज्यास बैल-बियाणें नाहीं त्यास द्यावें, तें हप्त्यांनीं बेव्याज परत घ्यावें, ऐनजिनसी वसूल ऐनजिनसीच घ्यावा व माल दर पाहून विकावा, असा त्याचा आशय आहे. भात खळ्यावर मापून घेणाऱ्या सरकारास आगाऊ अंदाजाची चूक फारशी बाधत नाहीं; ती बाधते रोख रकमेची हमी आधींच घेणाऱ्यास. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें चढाओढीनें जाऊं लागल्या तेव्हां याचें टोंक झालें. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें या मक्तेदारीचें वर्णन केलें आहे. तेथें अजमास हा पिकाचा अंदाज उरला नाहीं. ती लिलावांतली बोली झाली.

यावरून एक नियम निघतो. एकट्या अजमासाची, एकट्या पाहणीची वा एकट्या ताळेबंदाची किंमत मर्यादित आहे. खरी किंमत आहे ती एकाच सालच्या या तीन कागदांतील अंतराची. अजमास व ताळेबंद यांमधील तूट पाहणीनें समजाविली असेल तर तें साल अवर्षणाचें वा उधाणाचें. पाहणी नसतां तूट दिसली तर ती कारभाराची. आणि पाहणींत पीक बुडालेलें असून वसूल पुरता आला असेल, तर रयतेनें घरचें कांहीं मोडून तो भरला असें समजावें. हें शेवटचें वाक्य कोणत्याही कागदांत लिहिलेलें नसतें. तें दोन कागद शेजारीं ठेविल्यानेंच वाचतां येतें.

५

इंग्रजी अमदानींत आकारणी मोजणीवर व मुदतीवर गेली, तरी नजर सुटली नाहीं. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर शेतकी खातीं वाढलीं व १८८४ पासून गव्हापासून आरंभ करून पिकांचे पद्धतशीर अंदाज प्रसिद्ध होऊं लागले. त्यांचें सूत्र साधें होतें. पेरलेलें क्षेत्र, गुणिले सर्वसाधारण उतारा, गुणिले यंदाची आणेवारी. पहिला आंकडा मोजलेला, दुसरा कांहीं कापणींवरून ठरविलेला, आणि तिसरा पुन्हा गांवकामगाराच्या डोळ्यांचा. त्यांतही कांहीं प्रांतांत बारा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक, तर कांहींत सोळा. एकाच 'बारा आणे' या नोंदीचा अर्थ एके ठिकाणीं पुरतें पीक व दुसरे ठिकाणीं पाऊण पीक होतो. आंकडे जुळवितांना हा फरक विसरूं नये.

या आण्यांवर किती अवलंबून असे, हें तत्कालीन मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्यानें दाखविलें. १९१७ च्या अतिवृष्टीनें तेथील पीक गेलें. चार आण्यांहून कमी पीक असल्यास त्या सालच्या साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब व्हावी असा नियम होता. शेतकऱ्यांचें म्हणणें पीक चार आण्यांच्या आंत. अधिकाऱ्यांचें म्हणणें त्याहून वर. गांधींनीं १९१८ च्या मार्चांत सत्याग्रह पुकारला तो या वादांतून. भारत-सेवक-समाजाच्या कार्यकर्त्यांनींही तेथें स्वतंत्र चौकशी केली होती. सबंध लढ्याच्या मुळाशीं एक पाहणी-कागद होता.

नजरेऐवजीं कापणीवर अंदाज बसविण्याचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले. हबॅक यानें १९२३ ते १९२५ या काळांत बिहार-ओरिसांत भाताच्या नमुना-कापण्या केल्या. १९४२-४३ सालीं वि. गो. पानसे व कळमकर यांनीं अकोला जिल्ह्यांत कपाशीसाठीं तोच मार्ग घेतला. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. त्यांनीं १९४६ सालीं असें दाखविलें कीं, कापणीसाठीं फार लहान तुकडा आंखला तर उतारा फुगतो; कारण हद्दीवरचीं रोपें आंत धरण्याकडे कापणाराचा हात वळतो. शास्त्राच्या फूटपट्टीसही माणसाचा कल चिकटतो, हा त्यांतील बोध जुन्या पाहण्या वाचणारास फार उपयोगी आहे.

६

आज महाराष्ट्रांत आणेवारीची पैसेवारी झाली आहे. हंगामी, सुधारित व अंतिम असे तिचे टप्पे आहेत, आणि पन्नास पैशांची रेषा गांवाचें भवितव्य ठरविते. पाहणी हा शब्दही जिवंत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच आपल्या शेताचें चित्र दूरध्वनि-यंत्रांतून पाठवितो. पाहणारा बदलला. कोणी, केव्हां व कशासाठीं, हे तीन प्रश्न मात्र उद्यांच्या संशोधकास याही नोंदींना विचारावे लागतील.

जूचंद्रकडील परिस्थिति निराळ्या कारणानें निकडीची आहे. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. खारीच्या जमिनींवर इमारतींचा भराव पडत आहे. बांध गेला, उघाडी गेली, म्हणजे बांधाचे खर्च, रहूचें बीं, भाताचे मुडे-फरे यांविषयींचे घरगुती कागद निरुपयोगी ठरून रद्दींत जातात. जुन्या घराबरोबर माळ्यावरची पेटीही मोडली जाते. आणि जे कागद बाजारांत येतात त्यांतून शिक्क्याचें वा प्रसिद्ध नांवाचें तेवढें पत्र उचलून बाकीचे सोडून देण्याची चाल आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे. भाताच्या हिशेबाचे कागद शिक्क्याच्या कागदाइतकेच जपावे. पुडकें ज्या घरीं मिळालें त्याचें व गांवाचें टिपण ठेवावें. कागद मृगसालाच्या क्रमानें लावावे. पंचांगाच्या समासांतील पावसाचीं टिपणें फाडून टाकूं नयेत. आणि एका सालचें पुडकें केव्हांही फोडूं नये. कारण अजमास एका संग्रहीं व ताळेबंद दुसऱ्या संग्रहीं गेला, म्हणजे त्या सालीं रयतेनें काय सोसलें हें सांगणारा पुरावा, दोन्ही कागद शाबूत असूनही, नाहींसा होतो.