स्नायू व मज्जातंतू यांची दैनंदिन लय

माणसाच्या स्नायूंचे बल, प्रतिक्षिप्त क्रियांची तीव्रता, प्रतिसादाचा वेग आणि हालचालींतील अचूकता यांत चोवीस तासांच्या चक्रात ठरावीक क्रमाने होणारे बदल. सर्वसाधारणपणे ऐच्छिक स्नायूंचे बल पहाटे व सकाळी कमी असते आणि सायंकाळी ४ ते ८ या वेळात सर्वाधिक असते. स्नायू, मोजणीची पद्धत व व्यक्ती यांनुसार हा फरक कमीजास्त होतो. बऱ्याच अभ्यासांत तो ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आढळला आहे.

नियंत्रण : शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस या सुमारे २०,००० चेतापेशींच्या जोडकेंद्रात असते. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाने ते रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेते. उंदरांवरील प्रयोगांतून १९७२ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याचे कार्य दाखवून दिले. स्नायूपेशींतही स्वतःचे रेणवीय घड्याळ असते. त्यातील ‘बीमॅल-१’ हे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू दुबळे होतात.

तापमान : शरीराच्या गाभ्याचे तापमान पहाटे ४ ते ५ च्या सुमारास नीचांकी आणि सायंकाळी उच्चांकी असते, फरक ०.५ ते १ अंश सेल्सियस. बलाची लय या तापमानाच्या लयीशी बरीच जुळते. शिकागो विद्यापीठातील नेथॅनिअल क्लाइटमन यांनी प्रतिसादाचा वेगही तापमानाशी निगडित असल्याचे मत मांडले. १९३८ मध्ये ते सहकारी ब्रूस रिचर्डसन यांच्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि त्यांनी २८ तासांचा ‘दिवस’ पाळून पाहिला. रिचर्डसन यांच्या तापमानाने नवे चक्र स्वीकारले. क्लाइटमन यांचे तापमान मात्र चोवीस तासांच्याच लयीत चढत-उतरत राहिले. शरीराची लय बाहेरच्या दिनक्रमाची नुसती सावली नसते, असे यावरून सूचित झाले. दोनच व्यक्तींचा हा प्रयोग असल्याने त्यावरून अधिक निष्कर्ष काढणे योग्य नाही.

सकाळचे शरीर ऊब देऊन सायंकाळच्या तापमानाला आणले, तर बलही तितकेच होते का, यावर एकमत नाही. काही प्रयोगांत फरक मिटला, काहींत तो घटला पण उरला. उष्ण-दमट हवामानात केलेल्या काही मोजण्यांत सकाळ-सायंकाळचा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. थंड प्रदेशांतील प्रयोगशाळांचे आकडे कोकणपट्टीसारख्या प्रदेशाला जसेच्या तसे लावू नयेत, ते याच कारणाने.

बदलाचे स्थान : सकाळी बल कमी पडते ते मेंदूकडून येणारी आज्ञा क्षीण असल्याने की स्नायूच कमी प्रतिसाद देत असल्याने, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ब्रुसेल्स येथील गटाच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगठा तळहाताकडे ओढणारा स्नायू निवडला होता. तो स्वेच्छेने आवळला तेव्हा सायंकाळचे बल सकाळपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक भरले. मज्जातंतूला विजेचे झटके देऊन, म्हणजे इच्छेला वगळून, स्नायू आकुंचित केला तेव्हाही सायंकाळचेच बल अधिक होते. यावरून बदल मुख्यतः स्नायूत असल्याचे अनुमान निघाले. पुढे मांडी व पोटरीच्या स्नायूंवर झालेल्या अभ्यासांत मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेचाही वाटा दिसल्याने हा निष्कर्ष सर्व स्नायूंना लागू करता येत नाही.

मेरुरज्जूची उत्तेजनक्षमता तपासण्यासाठी हॉफमन प्रतिक्षेप (एच-रिफ्लेक्स) वापरतात. पाउल हॉफमन यांनी त्याचे वर्णन १९१० मध्ये केले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाला पोटरीतील सोलियस स्नायूचा हा प्रतिक्षेप सायंकाळी मोठा आढळला (२००६), पण मनगट वाकवणाऱ्या स्नायूत तसा बदल दिसला नाही. याच विद्यापीठातील २००९ च्या अभ्यासात सकाळी ताजेतवाने असणारे आणि रात्री उशिरापर्यंत जागणारे असे दोन गट केले होते. दुसऱ्या गटात मेंदूच्या बाह्यकाची व मेरुरज्जूची उत्तेजनक्षमता दिवसभर वाढत गेली आणि बलही वाढले. पहिल्या गटात बाह्यक सकाळी तल्लख, मेरुरज्जू सायंकाळी. बल मात्र दिवसभर जवळजवळ सारखे. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. सगळ्यांना एकाच गटात मोजून सरासरी काढली, तर ही विसंगती दिसलीच नसती.

मज्जातंतूतील वहनवेग : हातापायाचा मज्जातंतू एका अंशाने थंड झाला की वहनवेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो. मात्र हातापायांच्या त्वचेचे तापमान गाभ्याच्या उलट चालते. रात्री झोपेच्या सुमारास गाभा निवू लागतो आणि तळहात-तळपाय उबदार होतात. त्यामुळे गाभ्याच्या तापमानावरून मज्जातंतूच्या वेगाचा अंदाज बांधणे चूक ठरते. वहनचाचणीपूर्वी हाताचे तापमान मोजून ते ३२ अंशांखाली असल्यास हात शेकून घ्यावा लागतो. तसे न केल्यास निरोगी मज्जातंतू रोगट ठरण्याचा धोका असतो.

क्रीडा : २००४ ते २०१६ च्या ऑलिंपिक जलतरणातील वेळांच्या विश्लेषणात सर्वोत्तम कामगिरी सायंकाळी ५ नंतर लगेचच्या वेळेत आढळली. रोज सकाळी सराव केल्यास सकाळ-सायंकाळचा फरक कमी होतो. सकाळी लवकर मैदानी चाचणी द्यावी लागणाऱ्या पोलीस भरतीच्या उमेदवारांना ही गोष्ट उपयोगी आहे.

हृदयस्नायू व अनैच्छिक स्नायू : यांच्या लयी वेगळ्या असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

विकार : काही विकारांत दिवसाच्या वेळेनुसार होणारा चढउतार हेच निदानाचे मुख्य सूत्र असते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये सकाळी उघडी राहणारी पापणी सायंकाळी खाली ओघळते; तेथे कारण जैविक घड्याळ नसून दिवसभराच्या वापराने येणारा थकवा आहे. रक्तातील पोटॅशियम घटून येणाऱ्या आवर्ती पक्षाघाताचे झटके बहुधा रात्री किंवा पहाटे येतात, विशेषतः आदल्या रात्री पिष्टमय पदार्थांचे भरपेट जेवण झाले असेल तर. त्याचा थायरॉइडच्या अतिस्रावाशी निगडित प्रकार आशियाई पुरुषांत अधिक आढळतो.

यांतील सर्वांत बोलके उदाहरण सेगावा विकाराचे. जपानचे बालमज्जाविकारतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात त्याचे वर्णन केले. जबाबदार जनुक १९९४ मध्ये सापडले. मूल सकाळी जवळजवळ नीट चालते. दुपारनंतर पाऊल आत वळू लागते, सायंकाळी चालणे कठीण होते आणि झोपून उठल्यावर पुन्हा सुधारते. मेंदूतील डोपामिनच्या कमतरतेने हे घडते आणि लेव्होडोपाच्या अल्प मात्रेने मूल उल्लेखनीयरीत्या बरे होते. अशा मुलांवर ‘सेरेब्रल पाल्सी’चा शिक्का बसून उपचाराविना वर्षे गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतो आणि त्या वेळी मूल धडधाकट दिसते. ‘संध्याकाळी याचे पाय वळतात’ असे आई सांगत असेल, तर ते तपासणीच्या निष्कर्षाइतकेच ग्राह्य धरून मुलाला सायंकाळी पुन्हा पाहिले पाहिजे.

नोंद : स्नायुबल व प्रतिक्षिप्त क्रियांच्या तपासण्यांची तुलना करताना दोन्ही तपासण्या दिवसाच्या एकाच वेळी झालेल्या असाव्यात, आणि अहवालावर तारखेबरोबर वेळही लिहावी.