मुलांच्या ऑनलाइन वन्यजीव-नोंदी (वाराणसी)

दिसलेला पक्षी, प्राणी किंवा कीटक तारीख, वेळ व ठिकाणासह सार्वजनिक संकेतस्थळावर नोंदवायचा आणि त्या नोंदीतूनच जीवसृष्टी शिकायची, अशी ही पद्धत आहे. लोकविज्ञानाचा हा एक भाग. ‘आयनॅचरलिस्ट’ (२००८) आणि अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘ई-बर्ड’ (२००२) ही त्याची प्रमुख साधने आहेत.

वाराणसीत पक्षी पाहायला रानात जावे लागत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात दशाश्वमेध, अस्सी या घाटांसमोर कुरव पक्ष्यांचे थवे असतात. नावेतले यात्रेकरू त्यांना शेव टाकतात, म्हणून पक्षी हाताच्या अंतरावर येतात. घाटावर सगळेच त्यांना ‘साइबेरियन’ म्हणतात. मुलाचे शिक्षण या नावापाशीच सुरू होते. थव्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा असे दोन कुरव मिसळलेले असतात, पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी आणि कानामागे गडद ठिपका. मग ओळखायचे कसे? तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे डाग असतात आणि त्याचा डोळा फिकट असतो. शिवाय तो वीण करतो मध्य आशियातल्या उंच पठारांवर, तिबेट व लडाखच्या सरोवरांकाठी. त्याला साइबेरियाचा म्हणणे चूकच. पुस्तकातले चित्र पाहून हा फरक लक्षात राहत नाही. तो राहतो आपली नोंद कोणीतरी दुरुस्त केल्यावर.

दुरुस्तीची ही सोय हाच या पद्धतीचा गाभा आहे. आयनॅचरलिस्टवर छायाचित्र टाकले की अनोळखी जाणकार आपले मत देतात. किमान दोघांची मते जुळली आणि एकूण मतांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक एका नावाकडे झुकली, तरच ती नोंद संशोधनयोग्य ठरते. मुलाचे मत आणि प्राध्यापकाचे मत तिथे सारखेच मोजले जाते. ई-बर्डवर छायाचित्राची सक्ती नाही. तिथे ओळखलेल्या प्रत्येक जातीची संख्या, लागलेला वेळ आणि चाललेले अंतर द्यावे लागते. कावळे, साळुंक्या व पारवेही मोजायचे. माझ्या मते शाळेने हीच शिस्त आधी शिकवावी, कारण दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारे मूल कावळा मोजायला विसरते.

गंगेतला डॉल्फिन मात्र मुलांच्या संयमाची खरी परीक्षा घेतो. राष्ट्रीय जलचराचा मान मिळालेला हा प्राणी, स्थानिक बोलीत सोंस, श्वास घेण्यापुरता क्षणभर वर येतो आणि लगेच बुडतो. गंगा-गोमती संगमाजवळच्या कैथी-ढाकवा परिसरात तो दिसतो, पण कॅमेऱ्यात क्वचितच सापडतो. त्यामुळे केवळ छायाचित्रांवर चालणाऱ्या नोंदसंचात कुरवांचे ढीग जमतात आणि सोंस जवळजवळ नसतो. जे सहज टिपता येते तेच जास्त आहे असे मानू नये, ही गोष्ट मुलांना संख्याशास्त्राच्या तासाआधी इथे समजते.

कासवांच्या नोंदींना मात्र वेगळ्या कारणाने महत्त्व आहे. अर्धवट जळालेल्या प्रेतांचे अवशेष खाण्यासाठी सारनाथच्या केंद्रात वाढवलेली कासवे गंगेत सोडली जात. रामनगर किल्ला ते मालवीय पूल हा सुमारे ७ किलोमीटरचा भाग १९८९ मध्ये कासव अभयारण्य घोषित झाला व २०२० मध्ये त्याचा दर्जा काढला गेला. त्याच वर्षी भारतीय कासवांच्या ओळखीसाठी ‘कूर्मा’ हे ॲप आले. अभयारण्य उरले नसल्याने नागरिकांच्या नोंदींचे मोल वाढले आहे.

आयनॅचरलिस्टवर १३ वर्षांखालील मुलांना स्वतः खाते उघडता येत नाही. त्यांच्यासाठी नोंदणी न करता चालणारे ‘सीक’ ॲप आहे. संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आयनॅचरलिस्ट लपवते, शिकाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून.

दर फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षिगणना होते. भारत २०१३ पासून त्यात आहे आणि किमान १५ मिनिटे मोजणी पुरते. तोवर काशीतल्या काही कुरवांच्या डोक्यांवर काळा-तपकिरी रंग चढू लागलेला असतो. नोव्हेंबरपासून त्याच घाटावर नोंदी ठेवणाऱ्या मुलाला पक्ष्याचे नाव तेव्हा पहिल्यांदा पटते.