अण्णांचं एकेरी मीटर, आमचं दुहेरी



१९६० साली गुजरात राज्य झालं, त्याबरोबर गुजरात वीज बोर्डही आलं आणि त्याचं मुख्य ऑफिस आपल्या बडोद्यात बसलं. आमचे वडील, अण्णा, तिथे बिलिंगला लागले. दांडिया बाजारातल्या घरी रात्री जेवताना विषय ठरलेला: कुणाचे युनिट किती, कुणाची थकबाकी किती. वीज बोर्डाकडून घरात यायची, पैसे घरातून बोर्डाकडे जायचे. याच्या उलट काही होईल हे अण्णांच्या डोक्यातही आलं नसतं.

पुढे २००५ मध्ये बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. २०१५ च्या जानेवारीत बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचे सोलर पॅनल बसले. उद्घाटनाला राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून आले होते. २०१६ मध्ये राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले आणि २०१९ मध्ये 'सूर्य गुजरात' योजना. तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के सबसिडी, त्यापुढे दहापर्यंत २० टक्के. तेव्हा आम्हीही ठरवलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, सहा किलोवॅट बसवा, जास्तीची वीज विकू." मी वही काढली. जन्म बँकेत गेला, सवय जात नाही. जास्तीच्या युनिटला मिळणार २ रुपये २५ पैसे. आपण घेतो ते युनिट सगळे आकार धरून त्याच्या दुपटीहून महाग. म्हणजे खरा फायदा विकण्यात नाही, वजावटीत आहे. दिवसा दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होतं तेव्हा पूर्ण भाव वाचतो. उरलेलं मात्र स्वस्तात जातं. निवृत्तीचे पैसे दुप्पट अडकवायचे कशाला? घराच्या वापराएवढे तीन किलोवॅट बसवले. सौ.चीही कुरडया वाळवायला गच्ची राहिली आणि नातवांना उत्तरायणाला पतंग उडवायला.

ऊन चांगलं असलं की दिवसाला साधारण बारा युनिट होतात. धूळ बसली की कमी. दर पंधरवड्याला सकाळी लवकर, पॅनल तापायच्या आत, मीच पाणी मारतो.

पहिल्याच पावसाळ्यात भरदुपारी लाइट गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे असेल ना!" नव्हती. बॅटरी नसलेली ही सिस्टीम बाहेरची लाइट गेली की आपोआप बंद होते. चिडचिड झाली खरी. कारण कळलं तेव्हा गप्प बसलो: आपल्या छतावरची वीज तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. वादळी रात्री अण्णा खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "आत्ता कुणीतरी खांबावर असेल रे." लहानपणी त्याचा अर्थ कळत नव्हता.

२०२४ पासून केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. घ्यायचं असेल तर आधी वर्षभराची लाइटबिलं काढून बेरीज करा, मग एजंटचं ऐका.

आणि तुमच्या घरातलं कुणी बोर्डात होतं का? त्यांच्या आठवणी जरूर लिहा.