नोस्फेराटूची शेवटची रात्र

मंडळी, ज्याला आपण भयपटांतला ‘मूळ’ चित्रपट म्हणतो, तोच मुळात चोरीचा माल होता, इथून सुरुवात करू. १९२२ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांनी ‘नोस्फेराटू’ केला. कथा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ची, हक्क न घेता नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला. स्टोकरच्या विधवा फ्लोरेन्सबाई कोर्टात गेल्या. कंपनीचं दिवाळं निघालेलं, पैसे कुठून मिळणार? १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण बोलतोय.

आता असा चित्रपट नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा करायचा म्हणजे काय करायचं? १९९८ मध्ये गस व्हॅन सँट यांनी हिचकॉकचा ‘सायको’ जवळजवळ दृश्यामागून दृश्य उतरवला. तेच संगीत, तीच न्हाणीघरातली सुरी. भीती तेवढी उतरली नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना वर्गात सांगायला फार सोयीचं उदाहरण!

‘नोस्फेराटू’चं तसं झालं नाही. त्याची शेवटची रात्र पाहा. मुर्नाउच्या चित्रपटात निर्मळ मनाची स्त्री, एलन, पिशाच्चाला पहाटेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते. कोंबडा आरवतो, ऊन येतं, तो विरून जातो. (उन्हाने मरणं कादंबरीत नाही, तिथला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो.) एलन मरते, साथ थांबते. महायुद्ध आणि इन्फ्लुएंझा नुकतेच सोसलेल्या प्रेक्षकाला हे पटलं असणार: एवढी माणसं गेली, ती कशासाठी तरी गेली. गावासाठी बळी गेल्याच्या दंतकथा आपणही लहानपणापासून ऐकत आलोय.

१९७९ मध्ये वेर्नर हेरझोग तीच रात्र पुन्हा उभी करतात. तोवर कादंबरीचे हक्क मोकळे झाले होते, म्हणून ड्रॅक्युला हे नाव परत आलं. इथे ती बाई, लूसी, बलिदान देते आणि ते वाया जातं. तिच्या नवऱ्यालाच पिशाच्चाची बाधा झालेली असते. तो मोलकरणीला सांगून आपल्याभोवतीचं मंत्रवलेल्या प्रसादाचं रिंगण झाडून घेतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. व्हॅन हेल्सिंगला अटक करायची, तर अटक करायला अधिकारीच उरलेले नाहीत! नाझी काळातल्या बापांवर विश्वास टाकता येत नाही, मागे जायचं तर आजोबांपर्यंत, मुर्नाउपर्यंत जावं लागतं, अशी हेरझोग यांची भूमिका होती. अशा पिढीला बलिदानाचं गोड फळ दाखवणं जमलं नसतं. आम्हाला तिघांत हाच शेवट जास्त बोचतो.

आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स. त्यांच्या ऑर्लोकला भरघोस मिशी आहे. पाहताना आम्हाला आधी हसू आलं, मग राहिलं नाही. खरा बदल मात्र एलनमध्ये आहे. एकाकी मुलगी असताना तिनेच त्याला साद घातलेली असते. तिला होणारा त्रास डॉक्टरांना केवळ बायकांचा आजार वाटतो. घट्ट कॉर्सेट आणि ईथर, हे उपाय. तिचं खरं मानणारा प्राध्यापक भेटतो, तोही तिला त्या रात्रीकडेच नेतो. साथ इथेही थांबते. पण आता आपण गावाकडे पाहतच नाही. पलंगावर ती पडलेली, तिच्या अंगावर लायलॅकची फुलं, आणि वर तो वाळलेला देह अजून तसाच.